बेक का ब्याड?

"वरची मुलगी उपाशी राहील, पण तोंडानं मागणार नाही," अक्का खिडकीतून भाजीवालीला सांगत होत्या.

मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होते. हातात पाण्याची रिकामी बाटली.

"लाजत असंल, अक्का," भाजीवाली म्हणाली. दोघींचं कानडीत चाललं होतं आणि मेथीची जुडी जाळीखालच्या भोकातून आत सरकत होती.

"लाजायला मी काय तिची सासू आहे?"

"मग तुम्हीच वाढायचं की दोन घास जास्ती. लेकरू आहे."

"तिनं नको म्हटलं. तिचं पोट तिला माहीत. तू मला सांग, ही कोथिंबीर मी मागितली होती का?"

"असू दे की, अक्का. मेथीवर फुकट घातली."

"ब्याड." कोथिंबीर भोकातून परत बाहेर आली.

मी पाणी न घेताच वर गेले. एरवी मला हसू आलं असतं. पण त्याच दुपारी आमच्या विभागाच्या फलकावर एक कागद लागला होता. एका सत्रासाठी फिनलंडच्या विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव त्यावर होतं, आणि ते माझं नव्हतं. निवडीत पहिली मी आले होते. जागा मीच घालवली होती, आणि घालवण्यासाठी मी काहीही केलं नव्हतं, फक्त चांगल्या घरातल्या मुलीसारखी बोलले होते.

ती जागा मला परत मिळाली. फिनलंडला मी जाऊन आले. ते कसं झालं हे सांगायचं तर अक्कांबद्दल सांगावं लागेल, आणि अक्कांबद्दल सांगायला लागलं की सरळ ओळीत काही येत नाही.

अक्का माझ्या घरमालकीण. धारवाडच्या मळमड्डीत त्यांचं खाली तीन खोल्यांचं आणि वर एका खोलीचं घर होतं. वरची खोली माझी. मी हुबळीची. बाबा तारिहाळच्या एका कारखान्यात फिटर, आई सरकारी दवाखान्यात परिचारिका, भाऊ बारावीला. घरात खोल्या दोनच. एम.एस्सी.चे प्रयोगांचे तास संध्याकाळपर्यंत चालायचे, म्हणून बाबांनी मला ही खोली पाहून दिली. त्या वेळी अक्कांनी बाबांना एकच प्रश्न विचारला होता, "खोली हवी का?" बाबा म्हणाले, "बघतो." त्यावर अक्का म्हणाल्या, "बघून झालं की सांगा," आणि आत निघून गेल्या. बाबा अंगणात उभेच. त्यांना वाटत होतं आता चहा येईल.

अक्कांनी लग्न केलेलं नव्हतं. रेल्वेत तिकीटखिडकीवर सगळी नोकरी झाली होती, आणि निवृत्त होताना त्यांनी ती खिडकी बहुधा घरी आणली असावी. स्वयंपाकघराच्या खिडकीला बारीक जाळी होती आणि त्या जाळीच्या तळाशी सुताराकडून त्यांनी एक अर्धगोल कापून घेतला होता, हात जाईल एवढा. दूध, भाजी, शेजारचा प्रसाद, माझं भाडं, सगळं त्यातून आत यायचं. शेजारची मुलं त्या भोकासमोर रांग लावून उभी राहायची, कारण अक्का कधीकधी त्यातून बाहेरही काही द्यायच्या. देताना दर मुलाला वेगळं विचारायच्या, "बेक का ब्याड?" धारवाडी कानडीत बेक म्हणजे हवं आणि ब्याड म्हणजे नको. एखादं पोर संकोचानं नुसतं हसलं की पुढचा. मुलं दोन दिवसांत शिकायची. मोठ्यांना जन्म जायचा. गल्लीत त्यांचं नावच बेक-ब्याड अक्का पडलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"खिडकीवर लोक यायचे आणि मलाच विचारायचे, कुठलं मिळेल?" त्या सांगायच्या. "अहो, माझ्याकडं सगळी गावं आहेत. तुमचं गाव कुठलं ते तुम्ही सांगा. मागं एवढी रांग उभी आहे, आणि हा माणूस मला घरची हकिकत सांगतोय."

आपल्याकडे कुणाच्या घरून निघताना "येऊ का मग?" असं म्हणतात. समोरच्यानं "बसा हो, काय घाई आहे" म्हणायचं, मग उठायचं, दारात थांबायचं, फाटकाशी पुन्हा एकदा पहिल्यापासून बोलायचं. अक्कांना कुणी "येऊ का?" म्हटलं की त्या म्हणायच्या, "या." आणि दार लावून घ्यायच्या. आतून कडीचा आवाज यायचा. माझी आई पहिल्यांदा येऊन गेली तेव्हा बसमध्ये बसेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "बाई रागावली का गं आपल्यावर?"

माझ्या मनातलं तिला सांगितलं नाही. मलाही तेच वाटत होतं, आणि माझ्याकडे कारणही तयार होतं.

आम्ही बौद्ध. घरी यात लपवण्यासारखं कुणी काही मानत नाही, बाबा तर मुळीच नाही. पण मी इंग्रजी शाळेत शिकले आणि तिथं लवकर कळलं की आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबतो. तो क्षण मला नको असायचा. कर्नाटकात आडनावाच्या जागी वडिलांच्या नावाचं एक अक्षर लावलं तरी चालतं. ते अक्षर माझ्या फार सोयीचं होतं. अक्कांनाही मी तेवढंच सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला खाली जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगाचटणी. एक भाकरी संपली. अक्कांनी विचारलं, "भाकरी?" मी म्हणाले, "नको, पुरे." दुसरं काय म्हणणार? घरी, नातेवाइकांकडे, मैत्रिणीकडे, सगळीकडे पहिलं नको हे नुसतं तोंड उघडण्यासाठी असतं. दुसरं नको चांगुलपणाचं. तिसऱ्या वेळी भाकरी ताटात पडलेलीच असते. अक्कांनी टोपली उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मी वर येऊन भुकेल्या पोटी विचार केला: हिला कळलं. कुठून कळलं माहीत नाही, पण कळलं. वाढायचं म्हणून एकदा वाढलं.

पुढचे कित्येक दिवस मी तेच धरून चालले होते. त्या "भात?" म्हणायच्या, मी "नको" म्हणायचे, भात आत जायचा. मी वर जाऊन बिस्किटं खायचे. खाली त्या शांतपणे भांडी घासत असायच्या, आणि वर मी त्यांच्याबद्दल मनात एक आख्खा खटला चालवत असायचे.

खटला उडाला तो त्यांच्या भाचीच्या नवऱ्यामुळे. भाचीचं नवीन लग्न झालेलं, बेळगावहून दोघं पहिल्यांदाच जेवायला आली. अक्कांनी होळग्या केल्या होत्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या. मलाही खाली बोलावलं, पंगतीत त्यांच्याच शेजारी बसवलं. जावई बँकेत होते, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. पहिली होळगी संपली. अक्का ताट घेऊन आल्या.

"होळगी?"

"नको नको, पुरे आत्या," जावई म्हणाले आणि रीतीप्रमाणे हात ताटावर धरला.

"बरं," अक्का म्हणाल्या आणि ताट घेऊन माझ्याकडं आल्या. "तुला?"

माझ्या तोंडून सवयीनं नको निघालं. ताट आत गेलं. जावयांचे डोळे ताटाबरोबर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

"आत्या, अहो जावई आहेत ते," भाची हळूच म्हणाली. "आग्रह करायचा असतो."

"त्यांनी नको म्हटलं. माझ्या कानांनी ऐकलं."

"तसं म्हणतातच."

"का? शिकलेले आहेत, बँकेत आहेत. माझ्याशी खोटं कशाला बोलतील?"

जावई पाणी पिऊन उठले. मागच्या नळावर हात धुताना ते माझ्या शेजारी आले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "इथं जवळपास खानावळ आहे का हो?"

मी वर जाऊन उशीत तोंड घालून हसले. किती दिवसांनी एवढं हसले कुणास ठाऊक. ज्या जावयाला या बाईनं दुसरी होळगी दिली नाही, त्याच्या आणि माझ्या ताटात काडीचा फरक नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला अक्का वर आल्या. माझी ट्रंक उघडी होती. आईनं दिलेली बुद्धाची तसबीर कपड्यांखाली होती, तिची निळी चौकट तेवढी वर आली होती. इतके महिने ती तिथंच होती. अक्कांनी बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. तो क्षण आला असं मला वाटलं.

"ही भिंतीवर लावायची का पेटीत ठेवायची?" अक्कांनी विचारलं. "खिळा हवा असला तर खाली आहे."

"हवा," मी म्हणाले.

त्या खाली गेल्या आणि हातोडी, खिळा घेऊन आल्या. खिळा वाकडा गेला. भिंतीचा पोपडा पडला. त्यावर त्या भिंतीलाच बोलल्या.

एकदा शेंगा सोलताना मी विचारलं होतं, "अक्का, तुम्ही कुणाला दुसऱ्यांदा का विचारत नाही?" एरवी मी असले प्रश्न विचारत नाही. उत्तर द्यायला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मी बावीस-तेवीस वर्षांची असताना मला दाखवायला नेलं. मुलगा चांगला होता, काही वाईट नव्हतं त्याच्यात. मला विचारलं, पसंत का? मी म्हटलं, नको. सगळे हसले. लाजतेय म्हणाले. घरी आल्यावर पुन्हा विचारलं, मी नको म्हटलं. आई म्हणाली, पोरी असंच म्हणतात. सुपारी फुटायची तारीख ठरली. मग मी बैठकीत गेले. सगळी मंडळी बसलेली, पोहे चाललेले. मी म्हटलं, मी तिसऱ्यांदा सांगतेय, नको. इथून पुढं मी सांगणार नाही, नुसती निघून जाईन."

"मग?"

"मग काय. पोहे उरले." त्यांनी शेंग सोलून टोपलीत टाकली. "माझं एक नको ऐकायला लोकांना एवढे दिवस लागले. मला नाही लागत. मी एकदा विचारते, एकदा ऐकते."

फिनलंडमध्ये मला अक्का फार आठवायच्या, आणि आठवायच्या त्या आठवण येते तशा नाही. तिथं सगळेच अक्का होते. वसतिगृहाचं स्वयंपाकघर सात-आठ जणींचं मिळून एक. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या मुलीनं सूप केलं. मोठं पातेलं, बटाटा आणि मासा, वर शेपू. तिनं विचारलं, "घेणार?" मी म्हणाले, "नको, ठीक आहे." ती "बरं" म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. बरोबरची स्पेनची मुलगी अवघडली, मला डोळ्यांनी खुणावत राहिली. मला मात्र इतकं घरच्यासारखं वाटलं की हसू आवरेना. "हवंय," मी म्हणाले. "आधी चुकून नको म्हटलं." तिनं झाकण काढलं. एवढंच. त्या मुलीला यात काही विशेष वाटलंही नाही.

माझा विषय दगडफूल. शास्त्रात त्याला वेगळं नाव आहे, पण आपल्या मसाल्याच्या डब्यातलं तेच. तिथल्या जंगलात जमिनीवर, खडकांवर, झाडांच्या सालींवर ते इतकं की पाय कुठं ठेवावा कळेना. तिथल्या प्राध्यापक बाई आम्हाला जंगलात नेऊन सोडायच्या आणि म्हणायच्या, कुणाला काय शोधायचंय ते सांगा. कुणी वाटून द्यायचं नाही. मी पहिल्या दिवशी झाडाला टेकून उभी होते. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, मला उत्तरेकडचे ते खडक हवेत. मिळाले. सत्राच्या शेवटी तिथल्या सभागृहात माझ्या खडकांबद्दल मी बोलले, आणि शेवटी आईनं पाठवलेल्या मसाल्यातलं दगडफूल सगळ्यांच्या हातावर ठेवलं, तेव्हा पन्नाशीचे एक प्राध्यापक ते नाकाशी धरून बराच वेळ उभे राहिले. आम्ही हे खातो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, जेवायला कधी बोलावतेस? मी म्हणाले, रविवारी. ते आले. तीनदा वाढून घेतलं, तिन्ही वेळा स्वतःहून.

निघण्याआधी मी सगळ्यांना विचारलं होतं, तिकडून काय आणू? सगळे म्हणाले, काही नको गं, तू सुखरूप ये. अक्का म्हणाल्या, "डोक्याला बांधायचा दिवा. टाकीवर चढताना हात मोकळे लागतात. आणि कडू चॉकलेट, गोड नको." दोन्ही आणलं. दिवा बांधून त्या भर दिवसा खिडकीत उभ्या राहिल्या, भाजीवाली घाबरून दोन पावलं मागं गेली.

निवडीत माझ्यामागून दुसरा आलेला मुलगा पुढच्या वर्षी गेला. हातमोजे कुठले घ्यायचे ते मीच त्याला कळवलं. पण माझ्या वर्षीची जागा आधी त्याच्या नावानं फलकावर लागली होती, आणि ती लागली कशी हे राहिलंच.

कागद लागायच्या आदल्या दिवशी आमच्या विभागप्रमुख सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं होतं. टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडा. धारवाडात चांगली बातमी आणि पेढा वेगवेगळे येत नाहीत.

"पहिली आलीस," सर म्हणाले. "घे, पेढा घे."

"नको, सर."

"घे गं."

"खरंच नको, सर."

"अगं, लाजतेस काय?" सरांनी दोन पेढे माझ्या हातावर ठेवले. मग रुमालाला हात पुसत म्हणाले, "मग, जाणार ना? लांब आहे. थंडी भयंकर. घरचे काय म्हणतात?"

मला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं. महिनाभर मी त्या विद्यापीठाच्या गावाचा नकाशा बघून झोपत होते. पण हातात दोन पेढे, तोंडावर हसू, आणि जिभेवर जे तयार असतं ते आलं, "बघू, सर. नसलं तरी चालेल. दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर द्या."

पुढचं वाक्य सरांचं होतं. वेडी का काय, पहिली तू, जायचं तूच, असलं काहीतरी. मी ते ऐकायला मान खाली घालून उभी होते.

"बरं," सर म्हणाले. "स्पष्ट सांगितलंस ते छान झालं. मुलींच्या घरी अडचणी असतात, मला कळतं."

पेढ्याला माझं नको त्यांनी दोनदा ऐकलं नाही. फिनलंडला एकदाच म्हटलं, ते लगेच ऐकलं.

तर त्या संध्याकाळी, भाजीवाली गेल्यावर, अक्कांनी जिन्याखालून हाक मारली. मी जेवायला बसले आणि सगळं सांगून टाकलं. बाबांना फोनवर सांगता आलं नव्हतं, त्यांनी "काही कळलं का?" विचारलं होतं आणि मी "अजून नाही" म्हणाले होते.

अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं त्या सरांना शिव्या देतील.

"तू नको म्हणालीस?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"पण म्हणालीस?"

"हो."

"मग त्यांनी काय करायचं होतं?"

"परत विचारायचं होतं."

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. त्या घरात बसून हे मी म्हणावं, याचं त्यांना खरंच आश्चर्य वाटलं असावं. "त्यांचं चुकलं नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पेढ्याचं चुकलं."

"आता काय करू?"

"नावं कधी पाठवणार आहेत?"

"उद्या दुपारी."

"मग काल नको म्हटलेलं उद्या सकाळी हवं म्हणता येतं की. माझ्याकडं नको म्हणून पाच मिनिटांनी ताट पुढं करणाऱ्याला मी उपाशी ठेवलंय का कधी?"

"तसं जाऊन मागायला..." मला शब्द सापडेनात. बाबांचं एक वाक्य घरात भिंतीसारखं होतं: कुणापुढं हात पसरायचा नाही. आजोबांनी पसरला होता, बाबांनी नाही, आम्ही तर नाहीच. ते मी अक्कांना सांगितलं. कधी नव्हे ते एवढं सांगितलं.

अक्का बराच वेळ ताटातल्या मिठाच्या खड्याशी बोटानं खेळत बसल्या.

"तुझे बाबा बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण खिडकीतून हात आत घालून तिकीट घेतो तो भिकारी असतो का? गाडी आहे, पैसे भरलेत, जागा आहे. माझ्याकडं हात पसरलेला माणूस मी कधी बघितला नाही. तोंड न उघडणारे मात्र पुष्कळ बघितले. गाडी त्यांच्यासमोरून जायची."

मग विचारलं, "भाकरी?"

"हवी," मी म्हणाले. दोन घेतल्या.

रात्री मी बाबांना फोन केला आणि खरं सांगितलं. त्यांनी आधी टीव्ही बंद केला.

"कितवी आली होतीस?" बाबांनी विचारलं.

"पहिली."

"मग उद्या सांगून ये," बाबा म्हणाले. "रडायचं नाही तिथं."

सकाळी मी खाली आले तर अक्का दारात, काठाची साडी नेसून, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट त्या घरातच घालायच्या, फोन आला तर त्यातूनच बोलायच्या.

"मी येते," त्या म्हणाल्या. "आत नाही येणार. काही बोलणार नाही. तिथं बसायला बाक असेल ना?"

"अक्का, कशाला..."

"नको असलं तर नको म्हण. मग नाही येत."

मी काही म्हणाले नाही. मग आठवलं, त्यांच्याकडे गप्प बसण्याला अर्थ नसतो. "या," मी म्हणाले.

स्कूटरवर मागं बसून मी चढण चढत विद्यापीठात गेले. रस्ताभर अक्का रिक्षावाल्यांशी भांडत होत्या. माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्यं तयार होत होती. इंग्रजीत मी चांगली आहे. आय वुड लाइक टु रिकन्सिडर. किंवा, देअर हॅज बीन सम मिसअंडरस्टँडिंग. एकाहून एक सभ्य, आणि एकातही मी कुठं दिसत नव्हते.

अक्का विभागाच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या, हेल्मेट मांडीवर. शिपायानं विचारलं, "चहा घेणार, अम्मा?" "आणा," अक्का म्हणाल्या, "साखर कमी." तो अवाक झाला, पण आणायला गेला.

आत सर होते आणि त्यांच्यासमोर तो मुलगा बसला होता, माझ्याच वर्गातला. पासपोर्टची प्रत टेबलावर. मला बघून तो जरा सावरून बसला. तो बाहेर जाईपर्यंत थांबावं असं मला वाटलं. मग वाटलं, थांबले तर दुपार होईल.

"सर, फिनलंडबद्दल बोलायचं होतं."

"बोल की."

"मला..." मुलगा पासपोर्टकडे बघत होता.

सरांना कळलं असावं, कारण ते आधीच समजुतीच्या सुरात बोलायला लागले. "अगं, परवा तर तू नको म्हणालीस. आता यानं घरी सांगितलं, त्याच्या आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले. पुढच्या वर्षी तुझं नक्की. मी शब्द देतो. एक वर्षानं काय बिघडतंय?"

मुलगा हळूच म्हणाला, "सर, तिला जायचं असेल तर..." आणि तिथंच थांबला. त्याचं वाक्यही रीतीचं होतं. त्यानं ते तोंडातून सोडलं आणि माझ्याकडं बघितलं, मी ते परत त्याच्या हातात ठेवीन या खात्रीनं.

खोली गप्प झाली. अशा गप्प खोल्या मी लहानपणापासून ओळखते. त्या माझ्या एका वाक्यासाठी थांबलेल्या असतात: असू दे, सर, काही हरकत नाही. ते म्हटलं की सगळे सुटतात, खुर्च्या हलतात, कुणीतरी चहा मागवतं, आणि मी किती समजूतदार आहे असं मागाहून माझ्या बाबांना कुणीतरी सांगतं. सरांनी टेबलावरचा पेनही उचलला होता, विषय संपल्यासारखा.

इंग्रजी वाक्यं कुठं गेली माहीत नाही. आली ती गल्लीतली कानडी, भाजीवालीशी बोलायची, आणि आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. व्हरांड्यात कपबशी वाजायची थांबली.

"सर, परवा मी खोटं बोलले. पहिली मी आलेय. या वर्षी मी जाणार, माझं नाव पाठवा."